मार्गदर्शकाशी मतभेद

एम.ए.चा निकाल लागला की पीएच.डी. करू पाहणारा विद्यार्थी आधी विषय शोधत नाही, गाईड शोधतो. नेट झालेली असो की पेट, विभागात भेटणारा प्रत्येक जण एकच विचारतो, ‘गाईड मिळाले का?’ कुणाकडे जागा रिकामी आहे, कोण निवृत्तीला आले आहेत, कोण कडक आहेत, कुणाकडे काम लवकर ‘होतं’, ही माहिती विद्यापीठाच्या कार्यालयापेक्षा कँटीनमध्ये जास्त खात्रीची मिळते. विषय कोणता, हा प्रश्न त्यानंतर येतो आणि पुष्कळदा गाईडच्या कलानेच सुटतो.

यात विद्यार्थ्याला दोष देता येत नाही. पुढची पाच-सहा वर्षं रूपरेषेवर, सहामाही प्रगती अहवालावर, फेलोशिपच्या कागदांवर आणि शेवटी प्रबंधाच्या प्रमाणपत्रावर एकाच माणसाची सही लागणार असते. मानव्यविद्यांमध्ये तर प्रयोगशाळा नसते, एकत्र काम करणारा गट नसतो. विद्यार्थी, ग्रंथालय आणि गाईड एवढाच त्याचा संसार. हे नातं बिघडलं तर दाद मागायला जवळपास कुणी नसतं, आणि जमलं तर त्याचा ठसा आयुष्यभर राहतो.

मग या माणसाने नेमकं करायचं काय असतं? गेल्या दोनशे वर्षांत या प्रश्नाला वेगवेगळी उत्तरं मिळाली. ती क्रमाने पाहिली तर मला एक गोष्ट दिसते. मार्गदर्शनाचा कस विद्यार्थी गाईडशी सहमत असतो तेव्हा लागत नाही. तो वेगळ्या निष्कर्षाला येतो तेव्हा लागतो. त्याचं म्हणणं बारकाईने वाचायचं, त्यातली ढिलाई त्यालाच दूर करायला लावायची आणि ते पटलं नाही तरी त्याच्या पाठीशी उभं राहायचं, ही कल्पना सहजासहजी आलेली नाही. ती हळूहळू घडली आहे आणि आज नियमांच्या गर्दीत ती हातातून निसटण्याची भीती आहे.

आपल्याकडे विद्यापीठ आलं तेव्हा गाईड नावाची व्यक्ती त्यात नव्हतीच. १८५७ साली स्थापन झालेलं मुंबई विद्यापीठ लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर परीक्षा घेणारं विद्यापीठ होतं. शिकवायचं काम महाविद्यालयांचं, पदवी द्यायचं विद्यापीठाचं. एम.ए.सुद्धा परीक्षेवर मिळत असे. या विद्यापीठाच्या पहिल्या पदवीधरांपैकी एक, रामकृष्ण गोपाळ भांडारकर, यांना १८८५ साली ग्योटिंगेन विद्यापीठाने सन्माननीय डॉक्टरेट दिली; पण त्यांच्या संशोधनाला कुणी नेमून दिलेला मार्गदर्शक नव्हता. एकीकडे पाठशाळेच्या परंपरेतले शास्त्री, दुसरीकडे युरोपातले प्राच्यविद्यापंडित, या दोन्हींशी संवाद ठेवत त्यांनी स्वतःची पद्धत स्वतःच घडवली.

विद्यापीठाच्या बाहेर तर याहून मोठं काम उभं राहत होतं. वि. का. राजवाडे गावोगाव हिंडून दप्तरं मिळवत होते. ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चे बावीस खंड त्यांनी सिद्ध केले आणि १९१० साली पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळाच्या स्थापनेत पुढाकार घेतला. राजवाड्यांकडे पाहून आजही कुणी म्हणतं, अस्सल संशोधकाला गाईड लागतो कशाला? हा आक्षेप हलका नाही. पण राजवाड्यांच्याच लेखनात त्याचं अर्धं उत्तर आहे. कागद मिळवण्यातली त्यांची चिकाटी आणि तो वाचण्यातली त्यांची नजर थक्क करणारी. मात्र त्यांच्या कितीतरी व्युत्पत्ती पुढच्या अभ्यासकांनी स्वीकारल्या नाहीत. कल्पना धावत सुटली की ‘थांबा, हे अजून सिद्ध झालेलं नाही’ म्हणणारं कुणी त्या प्रतिभेशेजारी बसलेलं नव्हतं. प्रचंड प्रतिभेला ते परवडलं. सामान्य वकुबाच्या, पण कष्टाळू विद्यार्थ्याला ते परवडत नाही, आणि विद्यापीठं मुख्यतः अशाच विद्यार्थ्यांसाठी असतात.

‘थांबा’ म्हणणारा हा माणूस विद्यापीठात आला तो जर्मनीतून. १८१० साली बर्लिन विद्यापीठ उभं राहिलं ते अध्यापन आणि संशोधन एकाच छताखाली व्हावं या विचारावर. इतिहासकार लिओपोल्ड फॉन रांके १८२५ साली तिथे आला आणि निवडक विद्यार्थ्यांना बरोबर घेऊन मूळ साधनं वाचू लागला; हाच सेमिनार. व्याख्यानात प्राध्यापक बोलतो आणि विद्यार्थी लिहून घेतात. सेमिनारमध्ये टेबलावर कागद असतो आणि त्याच्यासमोर प्राध्यापक व विद्यार्थी दोघंही सारखेच उत्तरदायी असतात. हा लेख कुणी लिहिला, कधी, कुणाच्या सांगण्यावरून, त्याचा हेतू काय, दुसरा कागद याला दुजोरा देतो का, हे प्रश्न विद्यार्थी विचारू शकतो आणि त्यांची उत्तरं प्राध्यापकाच्या मताबाहेर, कागदात शोधावी लागतात. मतभेदाला जागा मिळाली ती इथे. गुरूचं वचन हे प्रमाण राहिलं नाही. पुरावा तपासण्याची रीत हे प्रमाण झालं, आणि ती रीत शिकवणं हे मार्गदर्शकाचं काम ठरलं.

ही पद्धत मग फिरू लागली. अमेरिकेत येल विद्यापीठाने १८६१ साली पीएच.डी. द्यायला सुरुवात केली आणि १८७६ साली सुरू झालेल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाने जर्मन सेमिनार उचलून पदव्युत्तर शिक्षणाच्या केंद्रस्थानी ठेवला. इंग्लंडने बराच उशीर केला. ऑक्सफर्डने ही पदवी स्वीकारली ती पहिलं महायुद्ध चालू असताना, १९१७ साली. पुण्यात ही रीत विद्यापीठाआधी एका संस्थेत रुजली. बर्लिनला हाइनरिश ल्यूडर्स यांच्याकडे शिकून आलेले विष्णु सीताराम सुकथनकर १९२५ साली भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरातल्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे प्रमुख संपादक झाले. देशाच्या निरनिराळ्या भागांतून, निरनिराळ्या लिप्यांतून आलेल्या पोथ्या समोर ठेवून एकेका श्लोकाचे पाठ ताडून पाहायचे, कोणता पाठ का घेतला आणि कोणता का सोडला याचा हिशेब तळटीपांत द्यायचा, असं ते काम. सुकथनकर १९४३ साली गेले. काम थांबलं नाही. बेलवलकर आणि वैद्य यांनी ते पुढे नेलं आणि १९६६ साली पूर्ण झालं. मार्गदर्शक गेल्यावरही काम त्याच शिस्तीने चालू राहणं, हे त्याच्या शिकवण्याचं मला सर्वांत मोठं प्रमाण वाटतं.

पण पोथ्या ताडून पाहताना मतभेद झाला तरी तो एका पाठापुरता असतो. विद्यार्थ्याचा निष्कर्षच गाईडच्या आयुष्यभराच्या भूमिकेविरुद्ध गेला तर? याचं उत्तर शोधताना मला नेहमी लंडनमध्ये १९२३ साली छापलेल्या एका पुस्तकाची सुरुवातीची पानं आठवतात.

पुस्तक भीमराव रामजी आंबेडकरांचं, ‘द प्रॉब्लेम ऑफ द रुपी’. बडोद्याच्या महाराजांच्या शिष्यवृत्तीवर ते १९१३ साली न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले. तिथे अर्थशास्त्राचे प्राध्यापक एडविन सेलिग्मन त्यांचे मार्गदर्शक होते. पुढे लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये आले, शिष्यवृत्तीची मुदत संपल्यामुळे अभ्यास अर्धवट टाकून १९१७ साली भारतात परतले, मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात शिकवून पैसे साठवले आणि १९२० साली पुन्हा लंडनला गेले. तिथले त्यांचे मार्गदर्शक एडविन कॅनन. आंबेडकरांनी आधी दिलेला प्रबंध परीक्षकांच्या सांगण्यावरून पुन्हा लिहावा लागला. हातचे पैसे संपले होते. हे पुनर्लेखन त्यांनी मुंबईला परतून केलं. १९२३ अखेर त्यांना डी.एस्सी. मिळाली.

प्रबंधाचा विषय रुपयाचा. रुपयाचं सोन्याशी प्रमाण सरकारने बांधून ठेवण्याची जी व्यवस्था भारतात आणली गेली होती, तिच्यावर आंबेडकरांनी घणाघाती टीका केली. कॅनन हे त्या व्यवस्थेवर विश्वास ठेवणाऱ्यांपैकी. याच पुस्तकाला कॅनननी प्रस्तावना लिहिली आणि तिच्यात सरळ सांगून टाकलं की या लेखकाच्या बऱ्याच टीकेशी आपण सहमत नाही. १८९३ सालीच आपण ही व्यवस्था चालेल असं मानत होतो आणि अजूनही मानतो. लगेच पुढे हेही सांगितलं की काही ठिकाणी लेखकाने अगदी नेमकं बोट ठेवलं आहे, आणि जिथे तो चुकला असं आपल्याला वाटतं तिथेही त्याच्या विचारातला ताजेपणा आपल्याला खडबडून जागं करतो. आंबेडकरांनी आपल्या मनोगतात कॅननच्या काटेकोर तपासणीचे आभार मानले आहेत. तिच्यामुळे आपण अनेक चुकांतून वाचलो, असं त्यांनी लिहिलं.

ही दोन्ही मनोगतं शेजारी ठेवून वाचावीत. विद्यार्थी म्हणतो, तुम्ही मला कडक तपासलंत म्हणून माझं काम सुधारलं. मार्गदर्शक म्हणतो, तुझं मत मला पटत नाही आणि तरीही हे पुस्तक लोकांनी वाचावं. दोघांपैकी कुणीही आपली भूमिका सोडलेली नाही. कॅननने विद्यार्थ्याला आपल्या मताकडे वळवलं नाही आणि आंबेडकरांनी पदवीसाठी आपला निष्कर्ष मऊ केला नाही. तो विद्यार्थी वसाहतीतून आलेला होता, आपल्याच देशात अस्पृश्य मानला गेलेला होता, आणि त्याचा प्रबंध साम्राज्याच्या चलनधोरणावर होता. सत्तेचं सगळं पारडं मार्गदर्शकाच्या बाजूला झुकलेलं असताना हे घडलं. मार्गदर्शन या कल्पनेची इतकी स्वच्छ नोंद मला दुसरीकडे सापडलेली नाही.

पाच-सात वर्षांनी बर्लिनमध्ये आणखी एक मराठी विद्यार्थिनी अशाच वळणावर उभी राहिली. इरावती कर्वे मुंबईला गो. स. घुर्ये यांच्याकडे एम.ए. करून १९२८ साली जर्मनीला गेल्या. त्यांचे मार्गदर्शक ऑयगेन फिशर, त्या काळचे बडे मानववंशशास्त्रज्ञ. गोऱ्या युरोपीय माणसाच्या कवटीच्या दोन्ही बाजू विषम असतात आणि त्याच्या बुद्धीचा संबंध या विषमतेशी आहे, अशा स्वरूपाचा त्यांचा सिद्धांत. इरावतीबाईंनी संग्रहातल्या निरनिराळ्या वंशांच्या कवट्या मोजल्या आणि असा काही संबंध दिसत नाही, असं लिहून दिलं. त्या तरुण होत्या, परदेशात होत्या, भाषा परकी होती. ज्याच्या सहीवर पदवी मिळायची त्याचंच म्हणणं मोजमापांनी खोटं ठरत होतं. तरीही त्यांनी आकडे होते तसेच ठेवले आणि १९३० साली डॉक्टरेट मिळवली. फिशर पुढे नाझी राजवटीच्या वंशविज्ञानाचे आधारस्तंभ झाले. त्यांच्या मोठेपणाची ही गोष्ट नाही. गाईड कसाही असला तरी मोजण्याची पद्धत आणि मोजलेलं जसंच्या तसं मांडण्याचं धैर्य विद्यार्थ्याला वाचवू शकतं, हे ती दाखवते. पण प्रत्येक विद्यार्थ्याकडून असं धैर्य मागणं हा व्यवस्थेचा आळस आहे. धैर्य नसलेल्यालाही खरं लिहिता आलं पाहिजे.

मुंबईत याच काळात मार्गदर्शनाला आणखी एक रूप येत होतं. घुर्ये स्वतः केंब्रिजला डब्ल्यू. एच. आर. रिव्हर्स यांच्याकडे शिकत असताना १९२२ साली रिव्हर्स अचानक गेले आणि घुर्यांनी प्रबंध ए. सी. हॅडन यांच्या देखरेखीखाली पुरा केला. मधेच गाईड बदलावा लागणं म्हणजे आजच्या विद्यार्थ्याला आकाश कोसळल्यासारखं वाटतं. घुर्यांच्या वाटचालीत तो एक टप्पा ठरला. १९२४ पासून १९५९ पर्यंत ते मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचे प्रमुख होते आणि ऐंशीच्या घरात प्रबंध त्यांच्या हाताखालून गेले असं सांगितलं जातं. विषय बहुधा तेच सुचवत. इकडे १९३९ साली नव्या रूपात सुरू झालेल्या पुण्याच्या डेक्कन कॉलेजात ह. धी. सांकळियाही असंच करत होते. एकेका विद्यार्थ्याला एकेक नदीचं खोरं किंवा प्रदेश नेमून द्यायचा, त्याने तो पायी तुडवायचा, दगडाची हत्यारं, खापरं आणि मातीचे थर यांच्या नोंदी आणायच्या. कुणी मलप्रभेच्या खोऱ्यात, कुणी राजस्थानातल्या बेडचच्या, कुणी ओरिसात. सुटे प्रबंध एकमेकांना जोडले जाऊन देशाच्या प्राचीन इतिहासाचा नकाशा भरत गेला.

इथे मार्गदर्शक योजक झाला. त्याचा फायदा उघड होता. विद्यार्थ्याला आपलं काम कुठे बसतं ते पहिल्या दिवसापासून ठाऊक असे आणि विषयाची पुनरावृत्ती टळे. धोका असा की नकाशा गाईडचा आणि विद्यार्थी त्यातला एक चौकोन भरणारा मजूर. हा धोका टळला की नाही हे कसं ओळखायचं? विद्यार्थी पुढे कुठे गेले ते पाहून. घुर्यांचे विद्यार्थी अ. र. देसाई मार्क्सवादी होते. घुर्ये मार्क्सवादाच्या जवळपासही नव्हते. तरी ‘सोशल बॅकग्राउंड ऑफ इंडियन नॅशनॅलिझम’ हा देसाईंचा प्रबंध घुर्यांच्याच मार्गदर्शनाखाली झाला आणि १९४८ साली पुस्तकरूपाने आल्यावर पिढ्यान्‌पिढ्या वाचला गेला. एम. एन. श्रीनिवास मुंबईहून पीएच.डी. घेऊन ऑक्सफर्डला गेले, तिथे आधी रॅडक्लिफ-ब्राउन आणि मग इव्हान्स-प्रिचर्ड यांच्याकडे शिकले, आणि ग्रंथांपेक्षा गावात राहून केलेल्या निरीक्षणाला महत्त्व देत गुरूपासून वेगळ्या वाटेने गेले. एकाच विभागातून इतक्या भिन्न दिशांना माणसं जातात, तेव्हा तिथे केवळ हुकमत चालत नव्हती, असं म्हणायला आधार मिळतो.

स्वातंत्र्यानंतर चित्र पालटलं. नागपूर विद्यापीठ १९२३ पासून होतंच. १९४९ साली पुणे, १९५८ साली मराठवाडा, १९६२ साली शिवाजी विद्यापीठ आलं. आंबेडकर, इरावती कर्वे, घुर्ये ही अपवादात्मक माणसं होती. आता गावातून, वाडीवस्तीवरून, घरात पहिल्यांदाच कॉलेजची पायरी चढलेली मुलं-मुली मराठी, इतिहास, समाजशास्त्र घेऊन एम.ए. होऊ लागली आणि पीएच.डी.कडे वळली. त्यांनी विषयही नवे आणले. दलित आत्मकथनं, भटक्यांच्या बोली, जात्यावरच्या ओव्या, जत्रा आणि दैवतं, साखर कारखान्याभोवतीचं गाव. या विषयांतलं कितीतरी साहित्य ग्रंथालयात नव्हतं. ते विद्यार्थ्याच्या आजीच्या तोंडी होतं. गाईडला जे ठाऊक नाही ते विद्यार्थ्याला ठाऊक असण्याची ही आपल्याकडची पहिली मोठी वेळ. काही गाईडनी ती ओळखली आणि विद्यार्थ्याकडून शिकत त्याला शिकवलं. काहींना तो आपल्या अधिकाराला धक्का वाटला आणि त्यांनी त्या विद्यार्थ्याला ठरावीक साच्यात बसवलं: प्रकरण पहिलं, संकल्पना, प्रकरण दुसरं, पूर्वपरंपरा, प्रकरण शेवटचं, समारोप. त्या साच्यात आजीची ओवी परिशिष्टात गेली.

या विद्यार्थ्याला गाईडकडून हवं असलेलं साहाय्यही बदललं होतं. घरात पुस्तकांची कपाटं असलेल्याला ज्या गोष्टी न सांगता कळतात त्या याला कुणीतरी सांगाव्या लागतात. तळटीप कशी द्यायची, दुसऱ्याचं वाक्य आणि आपलं वाक्य यांत अंतर कसं राखायचं, चर्चासत्रात प्रश्न विचारला गेला तर तो हल्ला मानायचा नाही, बार्टी, सारथी, महाज्योती या सरकारी संस्थांच्या फेलोशिपचे कागद कधी द्यायचे, प्रकरण लिहून होत नसेल तर तोंड लपवायचं नाही. या गोष्टींना कमी लेखू नये. हुशार विद्यार्थी गळतात ते पुष्कळदा अशाच ठिकाणी.

आणि याच काळात सहीची सत्ता वाढली. विद्यार्थी वाढले, नोकऱ्या पीएच.डी.शी बांधल्या गेल्या आणि गाईडची सही ही उपजीविकेची किल्ली झाली. मग चर्चासत्राच्या खुर्च्या मांडण्यापासून गाईडच्या घरच्या कामापर्यंत विद्यार्थी राबलेले सगळ्यांनी पाहिले आहेत. विद्यार्थिनींना तर याहून वाईट अनुभव आले आणि येतात. यावर कुणी बोलत नाही कारण आपलं क्षेत्र लहान आहे. मराठीच्या प्रबंधाचा परीक्षक, नियतकालिकाचा संपादक आणि मुलाखत समितीतला तज्ज्ञ ही तीन कामं मोजकीच माणसं आलटून पालटून करतात. एकाशी वाकडं म्हणजे सगळ्यांशी वाकडं, ही भीती खोटी नाही.

विद्यापीठ अनुदान आयोगाचे नियम आले ते या पार्श्वभूमीवर. २००९ च्या नियमावलीने प्रवेश परीक्षा आणि कोर्सवर्क आणलं, एका गाईडकडच्या विद्यार्थ्यांच्या संख्येवर मर्यादा घातली. २०१६ च्या नियमावलीत ती मर्यादा पदानुसार ठरली आणि नोव्हेंबर २०२२ च्या नियमावलीतही तशीच राहिली: प्राध्यापकाकडे आठ, सहयोगी प्राध्यापकाकडे सहा, सहायक प्राध्यापकाकडे चार. निवृत्तीला तीन वर्षांहून कमी काळ उरलेल्या गाईडने नवे विद्यार्थी घ्यायचे नाहीत. संशोधन सल्लागार समितीपुढे विद्यार्थ्याने दर सत्रात प्रगती मांडायची. विद्यार्थिनींना बाळंतपण आणि बालसंगोपनासाठी २४० दिवसांपर्यंत रजा. मी या नियमांच्या बाजूने आहे. विद्यार्थी केवळ एका माणसाच्या मर्जीवर राहू नये, हे त्यांनी पहिल्यांदाच लेखी मान्य केलं.

पण नियम सत्तेला कुंपण घालतात. त्या कुंपणाच्या आत काय पेरायचं ते सांगत नाहीत. शिक्षकाच्या मूल्यमापनात पीएच.डी. मिळालेल्या प्रत्येक विद्यार्थ्यामागे गाईडला १० गुण मिळतात. त्याने एका प्रकरणाचे चार खर्डे वाचले की एकही वाचला नाही, याची नोंद कुठेच होत नाही. सल्लागार समितीची बैठक वीस मिनिटांत आटोपते, अहवालावर ‘प्रगती समाधानकारक’ असा शेरा पडतो. साहित्यचौर्य तपासणारं सॉफ्टवेअर टक्केवारी काढून देतं. ज्या मराठी पुस्तकाची प्रत त्याच्या साठ्यात नाही, त्यातून उचललेला उतारा त्याला सापडणार कसा? तो सापडतो तो विषय वाचलेल्या गाईडलाच.

वाचणं म्हणजे काय, हे एका वाक्यावरून सांगतो. मराठीच्या प्रबंधांत हमखास भेटणारं वाक्य असतं: ‘या कादंबरीत स्त्रीजीवनाचे प्रभावी चित्रण आले आहे.’ गाईड हे वाक्य तसंच जाऊ देऊ शकतो. किंवा तो शेजारी पेन्सिलीने विचारू शकतो, कुठल्या पानावर? विद्यार्थिनी पान शोधते. तिथे नायिका सासूशी बोलत नाही, चुलीशी बोलते. मग पुढचा प्रश्न: ती सासूशी बोलत नाही हे लेखिकेने सांगितलंय की तुला संवादांवरून कळलं? विद्यार्थिनी परत वाचते आणि तिच्या लक्षात येतं की सबंध कादंबरीत नायिकेची घरातल्या माणसांना उद्देशून वाक्यं जवळपास नाहीत. ती बोलते ती भांड्यांशी, जनावरांशी, देवाशी. आता तिच्याकडे एक निरीक्षण आहे, जे आधी कुणी नोंदवलेलं नसेल. ‘प्रभावी’ हा शब्द आपोआप गळून पडतो. आणि तिसऱ्या बैठकीला ती म्हणते, ‘सर, तुम्ही तुमच्या लेखात या नायिकेला मूक म्हटलंय. ती मूक नाहीये.’

या क्षणी गाईड काय करतो यावर सगळं अवलंबून आहे. तो म्हणू शकतो, ‘माझा लेख नीट वाच.’ किंवा म्हणू शकतो, ‘हेच लिही, माझ्या लेखाचा हवाला देऊन लिही, आणि एवढ्याने भागणार नाही, त्याच लेखिकेच्या आणखी दोन कादंबऱ्या तपास.’ दुसरं उत्तर देणारा गाईड कॅननच्या परंपरेतला. त्याने विद्यार्थिनीला सूट दिलेली नाही. उलट तिचं काम वाढवलं आहे.

हे घडायला वेळ लागतो आणि तो वेळ आज कुणी मोजत नाही. विभागात मंजूर जागा रिकाम्या, निम्मं अध्यापन तासिका तत्त्वावरच्या शिक्षकांवर, उरलेल्या कायम शिक्षकांवर समित्या आणि अहवालांचं ओझं. अशा स्थितीत गाईडला नुसता उपदेश करून उपयोग नाही. मार्गदर्शनाचे तास हे अध्यापनाच्या कार्यभारात खरोखरचे तास म्हणून धरले पाहिजेत. गुण द्यायचेच तर पदवीमागे देण्याऐवजी वाचून परत दिलेल्या लेखी अभिप्रायांमागे द्यावेत. प्रत्येक विद्यार्थ्याला गाईडखेरीज विभागातला आणखी एक शिक्षक वाचक म्हणून नेमून द्यावा, म्हणजे एकाशी बिनसलं तर दुसरं दार उघडं राहील. आणि गाईड बदलण्याचा अर्ज ही शिक्षा वाटू नये, इतकी ती साधी गोष्ट व्हावी; घुर्ये आणि श्रीनिवास यांनाही एकाहून अधिक मार्गदर्शक लाभले होते.

सर्वांत निकडीचा मला सेमिनार वाटतो. महिन्यातून दोनदा विभागातले सगळे संशोधक विद्यार्थी आणि सगळे गाईड एकत्र बसावेत, एकाचं अपुरं प्रकरण आधी वाटलेलं असावं आणि त्यावर दोन तास बोलणं व्हावं. त्यात गाईडनीही आपला अपुरा लेख पाळीपाळीने ठेवावा. आपल्या सरांच्या लेखावर दुसऱ्या मॅडम शंका घेतात आणि सर ती शांतपणे टिपून घेतात, हे विद्यार्थ्याने डोळ्यांनी पाहिलं पाहिजे. मतभेद हा अपमान नसतो, हे असं पाहूनच पटतं.

आणखी एक सल्ला गाईडने प्रवेशाच्या वेळीच द्यायला हवा आणि तो देणं सर्वांत अवघड असतं. पीएच.डी. झाली म्हणजे नोकरी मिळेलच असं नाही; जागा थोड्या आहेत, भरती वर्षानुवर्षं अडते. हे आधी सांगितलं तर काही विद्यार्थी परत जातील. जे राहतील ते डोळे उघडे ठेवून राहतील. त्यांना अनुवाद, संपादन, कोशकार्य, ग्रंथालय, अभिलेखागार या वाटाही तेव्हाच दाखवता येतील. जागा भरण्यासाठी विद्यार्थी घेणं आणि मग त्याला नशिबावर सोडणं याला मार्गदर्शन म्हणता येत नाही.

परीक्षेपुरत्या विद्यापीठापासून सेमिनारच्या टेबलापर्यंत, योजक गाईडपासून सल्लागार समितीपर्यंत ही कल्पना पुष्कळ चालून आली आहे. प्रत्येक टप्प्यावर विद्यार्थ्याच्या पदरात थोडं अधिक स्वातंत्र्य पडलं आहे. ते कमी होऊ द्यायचं नाही. नियम, समित्या, मर्यादा हव्यातच. पण विभागाचं मोजमाप करायचं तर दरवर्षी किती प्रबंध बाहेर पडले यावर थांबू नये. त्यांपैकी किती प्रबंधांनी आपल्या गाईडचं एखादं मत खोडून काढलं आणि त्या गाईडने त्यावर मनापासून सही केली, हेही विचारावं. ज्या विभागाला याचं उत्तर अभिमानाने देता येईल, त्याच्याकडे विद्यार्थी गाईड शोधत येतील आणि विषय स्वतःचा घेऊन येतील.